जीर्णोद्धारक

शहरात त्याचं नाव काहीही असो, गावात तो बाळ्याच असतो. हिंजवडीच्या कंपनीत चाळीस माणसं त्याला विचारल्याशिवाय रजा टाकत नाहीत; दापोली तालुक्यातल्या त्याच्या गावात मात्र एस.टी.च्या कंडक्टरपासून ग्रामसेवकापर्यंत सगळे "कोण, बाळ्या काय?" म्हणून मोकळे होतात. वय पंचेचाळीस ते बावन्नच्या मधलं. दाढी पिकलेली आणि तशीच राखलेली, अंगात हातमागाचा कुडता, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणि डोक्यात आजोबांचं घर.

हा प्रकार अलीकडे फार वाढलाय. मुरुड, कर्दे, आंजर्ले, केळशी, कोळथरे, पलीकडे गुहागर, खाली थेट मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत. समुद्रावर चालत जाता येईल इतक्या अंतरावर एखादं जुनं चिरेबंदी घर असलं, की त्याच्या वारसांत एक तरी बाळ्या निघतोच. बाकीच्या वारसांना ते घर विकायचं असतं किंवा विसरायचं असतं. याला ते पाहुण्यांना द्यायचं असतं. "आम्ही घर भाड्याने देत नाही, घराचा अनुभव शेअर करतो," असं तो सांगतो. अनुभवाचा दर शनिवार-रविवारी वेगळा असतो.

बाळ्याला घराचा शोध लागला २०२० साली. तोवर घर होतंच, पण गणपतीत पाच दिवस पाठ टेकायची जागा यापलीकडे त्याने त्याकडे कधी पाहिलं नव्हतं. टाळेबंदीत तो गावी अडकला. मोबाइलला रेंज फक्त सड्यावर. त्यामुळे रोज लॅपटॉप आणि छत्री घेऊन पाखाडी चढायची आणि काजूच्या झाडाखाली बसून अमेरिकेशी बोलायचं, असा क्रम सुरू झाला. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. काही तासांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आपल्या पडवीचे पत्रे शेजाऱ्यांच्या आगरात आणि शेजाऱ्यांचे आपल्या आगरात गेले, माजघरावरची कौलं उडाली. वीज कित्येक दिवस नव्हती. काकू कंदिलाची काच पुसत म्हणाल्या, "झालं. आता विका." बाळ्याचं लक्षच नव्हतं. तो उघड्या छपराखाली मान वर करून उभा होता. वडिलांनी हौसेनं ठोकून घेतलेलं प्लायवुडचं सीलिंग खाली आलं होतं आणि त्याच्यामागची फणसाची तुळई त्याला जन्मात पहिल्यांदा दिसत होती. नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी आले, तेव्हा हा त्यांना तुळईचे फोटो दाखवत होता. तलाठ्यांनी "तुळई शाबूत" असं लिहून घेतलं आणि तेवढी भरपाई कमी झाली.

घराची हकिगत थोडक्यात अशी. बांधलं आजोबांनी. सड्यावरच्या खाणीतून चिरे काढून, बैलगाडीने खाली उतरवून, चुन्यात बसवून. जमीन शेणाने सारवलेली, वर मंगलोरी कौलं. वडील मुंबईत पोस्टात होते. निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे घेऊन घर सुधारायला बसले. चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑइलपेंट फासला, कमरेपर्यंत चॉकलेटी आणि वर पिस्ता. सारवलेल्या जमिनीवर आधी शहाबादी, मग मोझॅक. देवघराच्या दाराला सनमायका. लाकडी गजांच्या खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या. बंब आणि घंगाळं भंगारवाल्याला किलोवर दिली आणि गीझर आणला. तो गीझर बघायला अख्खी वाडी लोटली होती. त्या माणसाने जन्मभराची कमाई घालून घर झाकलं आणि मुलाने त्याच्या कितीतरी पट पैसे घालून ते उघडं केलं.

गिलावा काढायचं काम सुरू झालं, तेव्हा छिन्नीचा आवाज ऐकवेना म्हणून काकू शेजारी जाऊन बसल्या. "सालटी काढलीन हो मेल्यानं घराची," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी भिंतीतून पहिला तांबडा चिरा डोकावला. बाळ्याने त्यावरून हात फिरवला, गाल लावून फोटो काढून घेतला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीच्या भावाने विचारलं, "प्लास्टरला पैसे पुरले नाहीत का?"

वयस्कर गवंड्याचा प्रश्न जास्त नेमका होता. "दादा, पूर्वीची माणसं गिलावा काय हौसेनं करायची?" पण नेमक्या प्रश्नांना उत्तरं द्यायची बाळ्याला कामाच्या जागीही सवय नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर टणक होतो, हे खरं. पण त्याच्या अंगभर भोकं असतात आणि तो पाणी पितो. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही समुद्राकडून आडवा मारणारा. म्हणून जुने लोक वळचण लांब ठेवत, चुन्याचा गिलावा करत आणि मिरगाच्या आत पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधून घेत. बाळ्याच्या उघड्या भिंतीने पहिल्याच पावसाळ्यात पोटभर पाणी घेतलं. ऑगस्टात आतल्या अंगाला हिरवंगार शेवाळ धरलं, उशांना कुबट वास आला आणि एका पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर चिऱ्याचा तांबडा शिक्का उठला. बाळ्याने जाहिरातीत "जिवंत भिंती" असे शब्द वाढवले. दुसऱ्या वर्षी त्याने भिंतींना महागडं पारदर्शक रसायन लावलं. तिसऱ्या वर्षी गावात झापं विणणारं कोणी उरलंय का, याची चौकशी करत तो वाडीवाडीने हिंडला. शेवटी एक म्हातारी सापडली. तिने त्याच्याकडून मजुरी घेतली आणि तो फोटो काढत होता त्याचे वेगळे घेतले.

पाहुणा आला की बाळ्या बेड्यापाशी तांब्याच्या पेल्यात कोकम सरबत घेऊन उभा. पाहुणा मुंबईहून, २०११ पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गावरून, हाडं मोजत आलेला असतो. त्याला फक्त मोरी कुठाय एवढं कळलं तरी पुरे असतं. पण बाळ्याचं स्वागतपर भाषण जांभ्यापासून सुरू होतं आणि जांभा बुकॅननपासून. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर, टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर-मलबार धुंडाळत निघालेला, त्याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं, कुठला दगड पाहून तर केरळातल्या अंगाडिपुरमचा... बुकॅनन अंगाडिपुरमला पोचेपर्यंत पाहुण्यांचा धाकटा माडामागे जाऊन आलेला असतो. मग बाळ्या ओटीवर ठेवलेलं एक कौल उलटं करून त्यावरचा शिक्का दाखवतो. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, तिथपासून ते शिडाच्या जहाजांनी बंदरोबंदरी कौलं कशी पोचली तिथपर्यंत. हे सगळं खरं असतं आणि ऐकण्यासारखंही असतं. आंघोळ झाल्यावर सांगितलं तर पाहुणे ऐकतीलही.

आत गेलं की भिंतीवर नांगर टांगलेला. नांगराच्या मागे मंद पिवळा दिवा. तो नांगर ज्या शेतात चालायचा ते शेत ओटीवरून समोरच दिसतं; ते गेली कित्येक वर्षं पड आहे आणि त्यात रानमोडी माजलीय. पाहुणे नांगराचा फोटो काढतात, तेव्हा बाळ्या त्यांना "भातशेती हा आमच्या कुटुंबाचा आत्मा" असं सांगतो. शेजारी जातं. जात्यावर काचेचा तुकडा बसवून केलेलं चहाचं टेबल. वडिलांनी भंगारात घातलेल्या घंगाळांच्या बदल्यात मुंबईच्या चोरबाजारातून तीन घंगाळं आणली. काकूंना त्यातलं प्रत्येक घंगाळ आपलंच वाटतं आणि भंगारवाल्याने कसं फसवलं ते त्या नव्याने सांगतात. माजघरातले काळेभोर लाकडी खांब मात्र कराईकुडीचे, चेट्टियार सावकारांच्या एखाद्या मोडलेल्या वाड्यातले. कोकणातल्या घरात तामिळनाडूचे खांब कसे, असं मी विचारलं. "फील तोच आहे ना," बाळ्या म्हणाला. छपराचं सगळं वजन अजूनही आजोबांच्या तुळईवरच असल्यामुळे या उत्तराने काही पडझड झाली नाही.

सगळ्यात महाग खोली म्हणजे गोठा. काकूंना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या हिशेबी माणसं पैसे देऊन गोठ्यात झोपतात याचा अर्थ एकतर माणसं फसलीत किंवा बाळ्या. गव्हाणीत आता पांढऱ्या चादरीची गादी आहे, दाव्याच्या खुंट्यांना टॉवेल आहेत. "म्हशीसुद्धा इथे कंटाळायच्या," काकू पाहुण्यांसमोरच म्हणतात. न्हाणीघराचं दुःख तर निराळंच. लग्न होऊन आल्यापासून न्हाणीला धड छप्पर आणि आतून कडी मिळावी म्हणून त्या बाईने सासऱ्यांशी, मग दिरांशी, मग नवऱ्याशी वाद घातले. वडिलांच्या सुधारणेत एकदाचा स्लॅब पडला. बाळ्याने तो स्लॅब फोडला. "काकू, आकाशाखाली आंघोळ करायला लोक बालीला जातात!" आता पाहुणे तारे बघत आंघोळ करतात आणि काकू कूळकायद्यात जमीन गेलेल्या खोताच्या चेहऱ्याने त्या भिंतीकडे बघतात.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण धंदा काकूंवर चालतो. पाहुणे अभिप्रायाच्या वहीत घराबद्दल दोन ओळी लिहितात आणि आजींच्या घावनांबद्दल पानभर. बाळ्याची फार इच्छा की काकूंनी नऊवारी नेसावी. काकू गेली तीस वर्षं घरात गाऊन घालतात, खांद्यावर पंचा टाकतात, संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत मालिका बघतात. "नऊवारी माझ्या सासूबाई नेसायच्या," त्या म्हणाल्या. "मी हायस्कूलात गणित शिकवलंय. पेन्शन आहे मला." तडजोड म्हणून फोटोपुरतं सुती लुगडं अंगावर घेतात, गाऊनवरूनच, आणि फोटो कमरेच्या वरून काढायचा. बिडाचा तवासुद्धा फोटोपुरताच. चुलीवर बीड तापत ठेवलेलं असतं, शेजारी नारळाची शेंडी तेलाच्या वाटीत बुडवून ठेवलेली असते. पाहुण्यांच्या मुलीने मोबाइल धरला, की काकू शेंडीने तवा पुसतात, वाडग्याने तांदळाचं पातळ पीठ कडेकडेने गोल सोडतात, पिठाला चरचरून भोकं पडतात, वर झाकण, कडेने वाफ. एक घावन झालं की मोबाइल खिशात जातो. पुढची तीस घावनं आतल्या गॅसवर नॉनस्टिकवर होतात. "बीड उचलून माझं मनगट जातं. तुला अस्सल हवं तर तू ये पहाटे पाचला," असं त्यांनी बाळ्याला सांगून ठेवलंय. तो कधी आलेला नाही.

माशांचा प्रश्न याहून नाजूक. समुद्रकाठी आल्यावर पाहुण्याला सुरमई लागते. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव बघून तो दोन पापलेटं हातात लोंबकळवत येतो. काकूंच्या स्वयंपाकघरात मासळीला मज्जाव. मग परसदारी, विहिरीपलीकडच्या खोपीत, दुसरी शेगडी आली. पाजपंढरीहून एक मावशी येतात आणि काकूंच्या दृष्टीआड कालवण करतात. वास दृष्टीआड होत नाही, पण खोपीतून महिन्याला किती मिळतात ते पाहिल्यापासून काकूंनी नाकाची तक्रार सोडली. खरी पंचाईत पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पाहुणा जुलैत येऊन विचारतो, "फ्रेश सुरमई मिळेल ना?" बाळ्या त्याला माशांच्या विणीचा हंगाम समजावून देतो, समुद्राचं आपण काही देणं लागतो असं बोलतो आणि कुळथाचं पिठलं सुरमईच्या भावाने वाढतो.

या सगळ्यात भाऊबंद कुठे आहेत? सातबाऱ्यावर. उताऱ्यावर इतकी नावं, की शेवटच्या नावापर्यंत पोचताना पहिल्या नावाचा माणूस निवर्तलेला असतो. घर पडत होतं, तेव्हा यातल्या एकानेही कौल परतायला पाच रुपये पाठवले नव्हते. आता प्रत्येकाला वर्षातून एक लांबलचक शनिवार-रविवार फुकट हवा असतो, शिवाय हिशेबही. एक खोली थोरल्या काकांच्या वाटणीची, तिला नव्वदच्या दशकातलं कुलूप आहे. किल्ली नागपुरात. आत एक लोखंडी कपाट आणि बियाण्याचं पोतं आहे, असं काकूंचं मत. पाहुण्यांना ती "आजोबांची अभ्यासिका, जतन केलेली" म्हणून दाखवतात, बाहेरूनच. भाद्रपदात सगळे हिस्सेदार सहकुटुंब उतरतात, तेव्हा गोठ्यातल्या पांढऱ्या गादीवर पाच पोरं आडवी झोपतात. पुण्याहून कोणी त्या तारखांची विचारणा केली, तर बाळ्याच्या पोटात कालवतं, कारण दर तेव्हाच सगळ्यात चढा असतो. शिमग्यात पालखी घरी येते. पाहुणे विचारतात, नक्की किती वाजता? ग्रामदेवतेला वेळ कळवण्याची सोय अजून झालेली नाही. पालखी कधी दुपारी चारला येते, कधी रात्री दोनला. ढोलाच्या आवाजाने जागे झालेले पाहुणे अर्ध्या चड्डीत ओटीवर येतात आणि पालखी नाचवणाऱ्यांत घुसून नाचायला लागतात. बाळ्या म्हणतो, हे पैशाने घडवून आणता येत नाही. प्रयत्न त्याने केलेला असावा.

हसायला सोपा आहे हा माणूस. पण त्याच वाडीत पलीकडे अशीच तीन घरं होती. वादळात एकाची कौलं गेली ती कोणी परतली नाहीत, पुढच्या पावसाळ्यात वासे कुजले, मग मागची भिंत बसली. आता तिथे गडगा आणि तुळशीवृंदावन तेवढं उभं आहे. बाळ्याच्या घरी संध्याकाळी देवाजवळ दिवा लागतो, विहीर उपसली जाते, वादळानंतर लावलेल्या पोफळी डोक्याच्या वर गेल्यात, आणि मावशी, गवंडी, झापं विणणारी म्हातारी या सगळ्यांच्या हातात गावातच चार पैसे पडतात. हिशेब वहीत मांडला, तर हा उद्योग तोट्यात आहे. बायकोने ती वही पाहिली आहे आणि "इतक्या पैशात बालीला किती वेळा जाऊन आलो असतो" हे वाक्य ती न चिडता बोलते.

आता एसीबद्दल. अख्ख्या घरात एसी एकच, काकूंच्या खोलीत. ही खोली वडिलांनी मागच्या अंगाला काढलेली: वर स्लॅब, खाली मोझॅक, पिस्ता रंग, ट्यूबलाइट, खिडक्यांना डासांची जाळी आणि लागूनच संडास. बाळ्याला ती पाडायची होती. "माझ्या अंगावर पाड," काकू म्हणाल्या. मग त्याने पुढे बांबू लावून ती झाकली आणि जाहिरातीतल्या एकाही फोटोत ती येऊ दिली नाही. गेल्या मे महिन्यात एका रात्री वीज कमी दाबाने आली, गोठ्यातला पंखा पाती मोजता येतील इतका मंदावला, डास उतरले. मध्यरात्रीनंतर गोठ्यातल्या बाई लहान मूल कडेवर घेऊन बांबूपलीकडच्या दारावर उभ्या. काकूंनी आपला इन्व्हर्टर बाळ्याला कधी सांगितलेला नव्हता. बाई त्या थंडगार खोलीत झोपल्या, उरलेले दिवसही तिथेच राहिल्या, आणि जाताना त्यांनी काकूंचा नंबर मागून घेतला. तिथून सुरू झालं. आता फोन परस्पर काकूंनाच येतात: "आजी, ती हिरवी खोली आहे का?" काकू तेवढे दिवस माजघरात खाट टाकतात. दर गोठ्यापेक्षा पाचशेने जास्त.

बाळ्याला पत्ता लागला तो खोपीतल्या मावशींकडून. मी तेव्हा तिथेच होतो. काकू टीव्हीसमोर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काकू, हे आपल्या कन्सेप्टमध्ये बसत नाही."

"नाही बसत तर नको बसू दे. खोलीत दोन माणसं आणि एक पोर बसतं, तेवढं पुरे."

"अगं पण लोक इतक्या लांबून चिरेबंदी घर बघायला येतात आणि मोझॅकवर—"

"बघतात की. दिवसभर चिरे बघतात, रात्री मोझॅकवर झोपतात." काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, उशीखालून शंभर पानी वही काढली, चष्मा लावला. आकडे मराठी शाळेतल्या वळणाचे, खाडाखोड नाही. "हे मे, हे जून. तुझे दहा टक्के बाजूला काढलेत. मोज आणि इथे सही कर."

बाळ्याने पैसे मोजले. सहीही केली. मग जरा घुटमळून, माझ्याकडे पाठ करून, हळूच विचारलं, "काकू, येत्या शनिवारी रिकामी आहे का ती खोली? सासूबाई यायच्यात. त्यांना उकाडा सहन होत नाही."

काकूंनी पान उलटलं, शनिवारवर बोट ठेवलं.

"शनिवार भरलाय. सासूबाईंना गोठ्यात घाल."